जहाजाला होडी दिसते का?

६ एप्रिल १९६९. अटलांटिक महासागरात एका ब्रिटिश तेलवाहू जहाजाला दिव्याची उघडझाप दिसली. ३२ फुटी, दोन डोलकाठ्यांच्या एका होडीवरून कोणीतरी मोर्स लिपीत संदेश पाठवत होतं. होडीचं नाव 'सुहैली' आणि दिवा हाती धरलेला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची म्हणून तो जून १९६८मध्ये इंग्लंडहून निघाला होता. रेडिओ केव्हाच बंद पडला होता. न्यूझीलंड मागे टाकल्यापासून त्याची काही खबरबात घरी पोचली नव्हती. जहाजाने संदेश वाचला, पुढे कळवला, आणि तो जिवंत असून घराकडे निघाला आहे हे जगाला कळलं. २२ एप्रिलला तो फालमथ बंदरात शिरला. अशी प्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला माणूस. ज्या होडीने हे केलं ती मुंबईत, आपल्याकडच्या सुतारांनी सागवानात बांधलेली होती, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी माहीत नसते आणि ती असायला हवी.

आज कोणत्याही होडीवर उपग्रह फोन असू शकतो, ती कुठे आहे हे घरबसल्या नकाशावर पाहता येतं. तरी समोरून येणाऱ्या जहाजाला आपण आहोत हे कळवण्याचा प्रश्न जवळपास तसाच राहिला आहे. रात्री समुद्रावर शिडाच्या होडीतून जहाज फार लांबून दिसतं. त्याचे पांढरे दिवे उंचावर असतात, तेजस्वी असतात. त्यामुळे होडीवरच्या माणसाला सहज वाटून जातं की मला ते दिसतंय, म्हणजे त्यालाही मी दिसतोय. असं नसतं. जहाजावरून होडी दिसणं ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. ती होडीने घडवून आणायची असते.

समुद्रातल्या रहदारीचे नियम १९७२ साली ठरले आणि १९७७पासून जगभर लागू आहेत. त्या नियमांनुसार ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा किमान ६ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. १२ मीटरपेक्षा लहान होडीच्या लाल आणि हिरव्या दिव्यांना मात्र किमान १ मैल पुरतो. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. २० नॉट, म्हणजे ताशी २० सागरी मैल, वेगाने येणारं जहाज तेवढं अंतर ३ मिनिटांत कापतं, आणि होडी ५ नॉटने त्याच्याच दिशेने जात असेल तर अडीच मिनिटंही उरत नाहीत. या अडीच मिनिटांत टेहळणीवरच्या खलाशाला दिवा दिसायचा, त्याने अधिकाऱ्याला सांगायचं, अधिकाऱ्याने खात्री करायची, निर्णय घ्यायचा, सुकाणू वळवायचं आणि मग त्या प्रचंड धुडाने वळायला सुरुवात करायची. सुकाणू वळलं तरी मोठं जहाज आधी काही काळ सरळच जात राहतं. भर म्हणजे कंटेनरच्या थरांमागे उभ्या असलेल्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातून, जहाजाच्या अगदी पुढ्यातला समुद्र दिसतच नाही. नियमांनी या आंधळ्या पट्ट्याला मर्यादा घातली आहे: जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल तेवढी. म्हणजे अगदी नियमात बसणाऱ्या जहाजाच्या तोंडाशीसुद्धा अर्धा किलोमीटर समुद्र असा असू शकतो, जिथे होडी असली काय आणि नसली काय, ब्रिजवरच्या डोळ्यांना सारखंच.

दिव्यांची मूळ रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांच्या पट्ट्यात दिसतो, मागचा पांढरा १३५ अंशांत. तिन्ही मिळून वर्तुळ पुरं होतं. त्यामुळे अंधारात नुसता रंग पाहून समोरचा कोणीकडे चालला आहे हे समजतं. लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. फक्त पांढरा दिसला तर बहुधा तो आपल्यापासून दूर जातो आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो थेट आपल्या अंगावर येतो आहे. मोठ्या जहाजावर याखेरीज दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. ते दोन्ही एकाखाली एक, सरळ उभ्या रेषेत आले की होडीवरच्या माणसाने हातातला चहा बाजूला ठेवून उठलेलं बरं.

शिडावर चाललेल्या होडीला पुढे तोंड करणारा पांढरा दिवा लावायची परवानगी नसते. तो इंजिनावर चालणाऱ्यांसाठी. इंजिन सुरू केलं की शीड वर असलं तरी कायद्याच्या दृष्टीने ती इंजिनाची नौका होते आणि तिला तो दिवा लावावाच लागतो. हा बदल करायला लोक फार वेळा विसरतात, आणि ते विसरणं धोक्याचं आहे, कारण समोरचा अधिकारी दिवे पाहूनच कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरवत असतो.

२० मीटरखालच्या शिडाच्या होडीला एक सवलत आहे. लाल, हिरवा आणि पांढरा हे तिन्ही भाग एकाच दिव्यात घेऊन तो डोलकाठीच्या शेंड्यावर लावता येतो. भर समुद्रात हीच पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. नाळेवर, पाण्यापासून हातभर उंचीवर लावलेले दिवे प्रत्येक लाटेआड जातात, त्यांच्यावर सतत पाणी उडतं, पुढचं शीड खाली उतरलेलं असेल तर तेही आड येतं. शेंड्यावरचा दिवा यातून सुटतो. बंदराजवळ मात्र तो उपयोगाचा नाही. शेजारून जाणाऱ्या लहान बोटीवरचा माणूस आपल्या डोळ्यांच्या उंचीवर पाहत असतो, १५ मीटर वर नव्हे. शिवाय मागे शहराचे हजार दिवे असताना त्यात एक लाल ठिपका वेगळा ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही जागी दिवे असावेत आणि एका वेळी एकच संच लावावा. दोन्ही संच एकदम लावणं नियमबाह्य आहे आणि पाहणाऱ्याचा गोंधळ उडवणारंही.

शिडाची होडी वाऱ्याने कलते, ही आणखी एक अडचण. होडी २० अंश कलली की एका बाजूचा दिवा पाण्याकडे पाहू लागतो आणि दुसऱ्या बाजूचा आकाशाकडे. नियम करणाऱ्यांनी याचा विचार केला होता. शिडाच्या नौकांच्या दिव्यांचा प्रकाश क्षितिजाच्या ५ अंश वर-खाली ठरलेल्या किमान तीव्रतेचा आणि २५ अंश वर-खाली निदान तिच्या निम्मा असलाच पाहिजे, असं परिशिष्टात लिहिलेलं आहे. त्यापलीकडे होडी आडवी होत गेली तर दिव्याचा भरवसा धरू नये.

पूर्वी या दिव्यांचं विजेशी भांडण असायचं. २५ वॉटचा साधा बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे दोन अँपिअर खेचतो. दहा तासांच्या रात्रीत वीस अँपिअर-तास गेले. लहान होडीच्या बॅटरीला हे जड जातं, म्हणून खोल समुद्रात कित्येक जण दिवे मालवून ठेवायचे आणि जहाज दिसलं की लावायचे. एलईडीने हा हिशोब बदलला. तोच उजेड आता दोन-तीन वॉटमध्ये मिळतो आणि रात्रभर दिवा न लावण्याला सबब उरलेली नाही. एक मेख मात्र आहे. निकृष्ट एलईडी दिव्यातलं इलेक्ट्रॉनिक मंडल रेडिओ लहरींचा गोंगाट करतं, आणि डोलकाठीच्या शेंड्यावर त्या दिव्याच्या वीतभर अंतरावरच व्हीएचएफ रेडिओचा अँटेना असतो. २०१८मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. दिवा लावला की रेडिओ बहिरा होतो आणि त्याचा पत्ताही लागत नाही. तपासायची रीत सोपी आहे: रेडिओची खरखर दाबणारी कळ (स्क्वेल्च) खरखर थांबेल एवढीच आवळायची आणि मग दिवा लावून बघायचा. खरखर परत आली तर दोष दिव्याचा.

दिवा लावलेला असला तरी तो पाहणारा डोळा पलीकडे तयार आहे का, हा वेगळा प्रश्न. २० ऑगस्ट २००६च्या रात्री इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटाजवळून 'ऊझो' नावाची २५ फुटी होडी तीन जणांना घेऊन चालली होती. पोर्ट्समथहून स्पेनला निघालेली 'प्राइड ऑफ बिल्बाओ' ही मोठी प्रवासी फेरी त्याच वाटेने आली. टेहळणीवरच्या खलाशाला होडीचा दिवा दिसला तो अगदी जवळ आल्यावर. अधिकाऱ्याने जहाज वळवलं, होडी सुखरूप बाजूने गेली असं त्याला वाटलं आणि फेरी पुढे निघून गेली. तिघांचे मृतदेह नंतर समुद्रात सापडले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने काढलेला निष्कर्ष असा की होडीला एक तर धडक बसली असावी किंवा इतक्या जवळून गेलेल्या जहाजाने उसळवलेल्या पाण्यात ती भरून बुडाली असावी. त्या अहवालात एक बारकावा आहे, जो वाचल्यावर विसरता येत नाही. टेहळणी करणाऱ्याच्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या प्रकारातल्या होत्या. अशा काचा रात्रीही पूर्ण पारदर्शक होत नाहीत, डोळ्यांत येणाऱ्या उजेडाचा काही भाग अडवूनच धरतात. मैलभरावरचा अंधुक लाल ठिपका दिसणं आणि न दिसणं यांत एवढाही फरक पुरतो. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि मधेच कोणी पांढरा दिवा लावला की ती कमाई क्षणात जाते.

फेरीच्या रडारवरही 'ऊझो' उमटली नव्हती. हे नवल नाही. फायबरग्लास आणि लाकूड यांच्यातून रडारच्या लहरी बहुतांशी आरपार जातात, आणि डोलकाठी धातूची असली तरी गोल आणि बारीक असल्याने लहरींना भलतीकडेच उडवते. म्हणून होडीवर परावर्तक टांगतात: ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांना काटकोनात बसवून केलेला, फुटबॉलएवढा अष्टफलकी सापळा. खोलीच्या कोपऱ्यात फेकलेला चेंडू दोन-तीन टप्पे घेऊन फेकणाऱ्याकडेच येतो, तशी त्याच्या आतल्या कोपऱ्यात शिरलेली लहर जिकडून आली तिकडेच परतते. तो टांगण्यातही चूक होते. एका टोकाने लोंबता ठेवला तर कोपऱ्यांची तोंडं भलतीकडे वळतात. वरच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साठेल अशा बेताने तो बसवावा लागतो. 'ऊझो'नंतर तपास विभागाने बाजारातल्या परावर्तकांची चाचणी करवून घेतली, आणि डोलकाठीच्या तारेला बांधायचे मनगटाएवढे नळीसारखे परावर्तक, जे दिसायला सुबक म्हणून पुष्कळ होड्यांवर असत, ते जवळजवळ निरुपयोगी ठरले. सगळ्यांत उजवा ठरला तो विजेवर चालणारा सक्रिय प्रकार. तो रडारची लहर पकडतो, वाढवतो आणि परत पाठवतो, त्यामुळे पडद्यावर होडी आपल्या आकाराहून मोठी उमटते. मात्र मोठी जहाजं तीन सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर अशा दोन लहरलांबींची रडार वापरतात. स्वस्तातला सक्रिय परावर्तक फक्त तीन सेंटिमीटरला उत्तर देतो. शिवाय समुद्र खवळलेला असताना लाटांचे ठिपके पडद्यावरून पुसायला अधिकारी गाळणी लावतो, आणि लाटांबरोबर लहान होडीही गाळली जाते.

या सगळ्यावर एआयएसने मोठा उतारा दिला. नौकेचं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून आपोआप सांगत राहणारं हे यंत्र ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांना सक्तीचं आहे. जहाजांचा संच १२.५ वॉट शक्तीचा असतो आणि चालत्या जहाजाची माहिती दर काही सेकंदांनी पाठवतो. होड्यांसाठीचा साधा 'ब' वर्गाचा संच २ वॉटचा आणि दर ३० सेकंदांनी बोलणारा. तेवढ्या वेळात २० नॉटचं जहाज ३०० मीटर पुढे येतं, तरी अंधुक दिव्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. होडीच्या पडद्यावर जहाज किती वेळाने, किती अंतरावरून जाईल हे सरळ आकड्यात दिसतं. रात्री दिव्यांवरून अंतराचा अंदाज बांधायला अनुभवी डोळासुद्धा चुकतो, तिथे हा आकडा फार मोलाचा. माझं मत विचाराल तर होडीवर एकच महागडी वस्तू घ्यायची असेल तर ती ही घ्यावी, आणि नुसतं ऐकणारं यंत्र न घेता बोलणारं घ्यावं. मात्र काही जहाजांच्या संचांवर 'ब' वर्गाच्या नौका पडद्यावरून वगळायची सोय असते. गजबजलेल्या किनाऱ्याजवळ कोणी ती वापरली तर यंत्र बोलत राहतं आणि ऐकणारं कोणी नसतं.

एआयएसचा आणखी एक फायदा म्हणजे जहाजाचं नाव कळतं. पूर्वी व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर 'माझ्या डावीकडच्या जहाजा, ऐकतोस का' अशी हाक घालावी लागे, आणि टापूतली चार जहाजं ती स्वतःलाच समजत किंवा एकही समजत नसे. आता नाव घेऊन हाक मारता येते. नाव दोन-तीनदा उच्चारायचं, मग आपलं नाव, मग आपण कोण आणि कुठे: शिडावर चाललेली होडी, तुमच्या पुढे डावीकडे, तीन मैलांवर, मी तुम्हाला दिसतेय का? बहुतेक वेळा शांत आवाजात उत्तर येतं की दिसताय, तुमच्या मागून जातो. भारतीय अधिकारी जगभरच्या जहाजांवर आहेत, त्यामुळे भर अटलांटिकमध्येही तो आवाज आपल्याकडच्या वळणाचा निघू शकतो. पण रेडिओवर वाटाघाटी करत नियमाबाहेरचा सौदा ठरवणं धोक्याचं. ब्रिटनच्या सागरी खात्याने नाविकांना लेखी सावध केलं आहे की टक्कर टाळायला रेडिओवर विसंबू नका. चुकीच्या जहाजाशी बोलणं झाल्याने आणि बोलण्यात वेळ गेल्याने टकरी झालेल्या आहेत. 'मी दिसते का' एवढं विचारावं. वळायचं ते नियमाप्रमाणेच.

नियम सांगतो की इंजिनावरच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यावी. याचा पुष्कळ शिडवाल्यांना अभिमान असतो. पण तोच कायदा असंही सांगतो की अरुंद खाडीत किंवा बंदराच्या खोदलेल्या मार्गात शिडाच्या होडीने मोठ्या जहाजाची अडवणूक करू नये, कारण त्याला मार्ग सोडता येत नाही. मुंबई बंदराच्या तोंडाशी हे रोज लागू होतं. आणि मोकळ्या समुद्रातही, ज्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही तो तुम्हाला वाट देणार कशी?

टक्कर होणार का, हे ओळखायची खूण जुनीच आहे. हातातल्या होकायंत्राने जहाजाच्या दिव्याची दिशा घ्यायची, थोड्या वेळाने परत घ्यायची. दिशा बदलत नसेल आणि दिवे जवळ येत असतील तर टक्कर ठरलेली. अशा वेळी होडीने वळायचं तर लवकर आणि ठळकपणे वळावं. थोडंथोडं वळलं तर पलीकडे काहीच कळत नाही. भरपूर वळलं की जहाजाला दिसणारा रंग बदलतो, आणि त्या बदलातूनच होडीचा इरादा त्याला समजतो. तेवढ्याने भागलं नाही तर उजेड. प्रखर टॉर्च स्वतःच्या शिडावर मारायचा. पन्नास चौरस मीटर पांढरं कापड अंधारात एकदम पेटून उठतं आणि ही शिडाची होडी आहे हे सांगायला दुसरं काही लागत नाही. मग तोच झोत जहाजाच्या ब्रिजकडे. शंका कळवायची अधिकृत खूण म्हणजे पाच झटपट लुकलुका. शेवटी हातात धरायचा पांढरा फ्लेअर. लाल फ्लेअर नव्हे. तो 'आम्ही संकटात आहोत, वाचवा' असं सांगतो आणि जहाजाला उलट जवळ बोलावतो. फटफट चमकणारे स्ट्रोब दिवे नियमांनी टाळायला सांगितले आहेत, कारण त्यांची गल्लत बोयांच्या दिव्यांशी होते.

एकट्याने जाणाऱ्याला मात्र झोप घ्यावीच लागते. सतत टेहळणी ठेवा असं पाचवा नियम सांगतो, आणि एकटा माणूस तो पूर्णपणे पाळूच शकत नाही. दिलीप दोंदे २००९-१०मध्ये, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. अभिलाष टॉमी यांनी तीच नौका २०१२-१३मध्ये न थांबता फिरवली. एकटे दर्यावर्दी साधारण वीस-वीस मिनिटांचे डुलके घेतात. त्यामागे गणित आहे: सात-आठ मैलांवर नजरेस पडलेलं २० नॉटचं जहाज वीस-पंचवीस मिनिटांत तुमच्यापाशी पोचतं. म्हणून उठायचं, चारी दिशा पाहायच्या, परत पडायचं. आता एआयएसचा गजर मदतीला असतो, पण ज्या होडीवर एआयएस नाही तिची तो चाहूल देत नाही.

आपल्या कोकण किनाऱ्यालगत नेमक्या अशाच होड्या पुष्कळ. आपल्याकडे एआयएसची अट आहे ती २० मीटरवरच्या मासेमारी नौकांना. त्याखालच्या असंख्य होड्या पडद्यावर येत नाहीत. एलईडी दिवे लावून मासे पकडायला केंद्र सरकारने २०१७मध्ये बंदी घातली, तरी जाळी ओढताना लावलेले कामाचे पांढरे दिवे इतके झगझगीत असतात की त्यात नौकेचे लाल-हिरवे दिवे बुडून जातात आणि ती कोणीकडे चालली आहे हे कळेनासं होतं. त्यांच्या दिव्यांनी दिपलेल्या डोळ्यांना शिडाची मंद होडीही दिसत नाही. मुंबईहून गोव्याकडे शिडावर जाणाऱ्याला म्हणून जहाजांइतकंच लक्ष या दिव्यांवर ठेवावं लागतं. सात मीटरखालच्या शिडाच्या होडीला तर कायद्याने रंगीत दिव्यांची सक्तीच नाही. ते लावणं शक्य नसेल तर पांढरा टॉर्च किंवा कंदील हाताशी ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा, एवढंच नियम मागतो. त्या टॉर्चचे सेल सूर्यास्ताच्या आधी तपासायचे असतात.